एकसारखे तीन होकार

आमच्या भागात ज्यांचे स्वतःचे दात उरलेले नाहीत, त्यांतले निम्मे लोक बाईंच्या हातचं हसतात. मी दातांची डॉक्टर. तोंडाचं पहिलं माप मी घेते, पण पुढचं पक्कं माप घेऊन कवळी घडवतात त्या बाई. एकवीस वर्षं आमचं हे असंच चाललंय. बाईंना नाव आहे, पण ते फक्त बिलावर. रुग्णांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणतात.

त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला कामाची खोली आहे. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मेण वितळवायचा दिवा, घासायचं यंत्र, प्लास्टर कालवायची रबरी वाटी. तिन्ही भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर नंबर घातलेले प्लास्टरचे जबडे. ज्यांची ज्यांची कवळी केली, त्यांचा साचा बाई टाकून देत नाहीत. नवीन माणूस आत आला की दचकतो. बाई म्हणतात, “घाबरू नका. एवढी तोंडं आहेत, पण एकही उलट बोलत नाही.”

नावं बाईंच्या लक्षात राहत नाहीत, तोंडं राहतात. रस्त्यात कोणी हाक मारली की माणूस त्यांना ओळखू येत नाही. तो दोन वाक्यं बोलला की मात्र लगेच, “वरची कवळी डाव्या बाजूला टोचत होती ते तुम्हीच ना?” तोंडात परकी वस्तू बसली की प्रत्येकाचं बोलणं थोडं बदलतं, आणि तो बदल बाईंच्या कानात कायमचा बसतो.

घरी त्या आणि त्यांचे यजमान, दोघंच. यजमान बसच्या डेपोत वेळापत्रक लावायचे. तीस वर्षं इंजिनांच्या आवाजात बसून कान गेले, आणि धुरानं खोकला जडला तो निवृत्तीनंतरही सुटला नाही. काही विचारलं की ऐकू आलेलं नसलं तरी “हो हो” म्हणून मोकळे होतात. मुलगा दुसऱ्या शहरात असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो.

गेल्या वर्षी कराची कागदपत्रं लावताना बाईंनी क्रेडिट कार्डाची वर्षभराची बिलं छापून काढली. कार्ड त्यांनी घेतलं होतं ते दातांचे संच आणि पावडर मागवायला. बिलाचे पैसे खात्यातून आपोआप कापले जायचे, त्यामुळे बिल उघडून बघायची वेळ कधी आली नव्हती. आता कागद शेजारी शेजारी मांडले तर प्रत्येकावर खालून तिसरी ओळ तीच. ‘सुरक्षा कवच प्लस, मासिक शुल्क.’ त्याआधीची बिलं काढली, तेव्हा असे एकूण चौदा महिने भरले. दर महिन्याला गेलेली रक्कम म्हणजे एका चांगल्या दातांच्या संचाची किंमत.

त्यांनी पहिल्यांदा यजमानांनाच धरलं.

“अहो, माझ्या फोनवर कोणाला काही हो म्हणालात का?”

“हो हो,” यजमान म्हणाले.

“झालं.” बाईंनी हातातली बिलं खाली ठेवली.

मग त्यांनी तोच प्रश्न कागदावर लिहून दाखवला. यजमानांनी चष्मा लावून तो वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. “तुझा फोन मी कधी घेतो का गं? मला ऐकू तरी येतं का?” त्या दिवशी ते जेवायला बसले ते एक शब्द न बोलता उठले. बाईंना ते लागलं, पण मनातून संशय गेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बँकेच्या मदत केंद्राला फोन लावला. अर्धा तास वाट पाहिल्यावर एक मुलगा बोलला. आवाज अगदी गोड.

“मॅडम, ही सेवा तुमच्या संमतीनं सुरू झालेली आहे.”

“मी संमती दिलेली नाही.”

“संमतीचं रेकॉर्डिंग आहे, मॅडम.”

“मग ते ऐकवा.”

“शाखेत जा. जाताना घरातल्या कोणाला तरी सोबत घ्या.”

“का?”

“सोबत कोणी असलेलं बरं, मॅडम.”

बाई एकट्याच गेल्या. शाखेतल्या अधिकाऱ्यानं त्यांना काचेच्या केबिनमध्ये बसवलं, पाणी मागवलं आणि रेकॉर्डिंग ऐकायला हेडफोन पुढे केला. आधी एका बाईचा आवाज आला. तिनं सेवेची माहिती भरभर वाचली आणि विचारलं, “आपण स्वतः बोलताय ना?”

“हो.”

“आपली जन्मतारीख सांगाल?”

जन्मतारीख सांगितली गेली. बरोबर होती.

“ही सेवा सुरू करायला आपली संमती आहे?”

“हो.”

“दर महिन्याला शुल्क कापलं जाईल, हे मान्य आहे?”

“हो.”

आवाज बाईंचाच होता. कोणी नक्कल केलेला नव्हता की दुसऱ्या कोणाचा नव्हता.

“मी असं म्हटलंच नाही,” बाई म्हणाल्या.

अधिकारी समजूतदारपणे हसला. “या वयात होतं असं. मनावर घेऊ नका.”

पुढे कितीतरी दिवसांनी बाई मला म्हणाल्या, की त्याच्या हसण्याचं त्यांना काही वाटलं नाही. भीती वाटली ती स्वतःच्या वाक्याची. कारण ते वाक्य त्यांच्या आईचं होतं. आई बासष्टाव्या वर्षी विसरायला लागली. सुरुवात पत्ते हरवण्यानं किंवा माणसं न ओळखण्यानं झाली नव्हती. सुरुवात झाली होती ती या वाक्यानं. दुधवाल्याला दोनदा पैसे दिले? मी दिलेच नाहीत. शेजारणीला उद्या ये म्हणालीस? मी असं म्हटलंच नाही. आणि हे सगळं ती इतक्या खात्रीनं सांगायची, की पहिलं वर्षभर घरच्यांनी दुधवाल्यालाच चोर ठरवलं होतं. शेवटची तीन वर्षं ती आरशातल्या बाईला घर सोडून जा म्हणून विनवायची.

बाईंचं वय तेव्हा एकसष्ट होतं.

त्यांनी घरी येऊन कोणाला काही सांगितलं नाही. तक्रार मात्र लेखी दिली, कारण एकदा हातात घेतलेलं काम टाकायचं नाही ही सवय. पण तक्रार लिहिताना हात थांबत होता. आठ दिवसांनी मुलाचा फोन आला. रविवार नव्हता.

“आई, बरी आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय?”

“बँकेतून फोन आला होता. पर्यायी नंबर म्हणून माझा दिलाय तू. म्हणाले, तुमच्या आईंनी स्वतःच घेतलेली सेवा घेतली नाही म्हणून तक्रार केलीय, घरी जरा लक्ष द्या. आई, तुझे पैशाचे व्यवहार मी बघू का आता? तुझ्यामागचा व्याप तेवढाच कमी होईल.”

“बघू,” बाई म्हणाल्या. आईनं तिचं पासबुक कपाटात कपड्यांखाली का लपवलं होतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

इथे मला माझीही कबुली द्यायला हवी. त्याच सुमाराला बाईंची कामं उशिरा येऊ लागली. पूर्वी चार दिवसांत येणारी कवळी नऊ दिवसांनी यायची. एकदा पेटीत दोन चिठ्ठ्या निघाल्या, दोन्हींवर तोच नंबर, तीच सूचना. मी विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, आईसकट. मी धीर दिला, पण त्या दिवसापासून त्यांच्याकडून आलेलं प्रत्येक काम मी दोनदा तपासायला लागले. एकही चूक निघाली नाही. तरी मी तपासत राहिले. बाईंच्या ते लक्षात आलं होतं.

दरम्यान गोड आवाजाचे फोन सुरूच होते. तक्रार मागे घेता का? घरी आणखी कोणी आहे का? औषधं काय चालू आहेत? बाई उत्तर द्यायच्या आणि फोन ठेवला की आपण काय उत्तर दिलं ते वहीत लिहून ठेवायच्या. मग थोड्या वेळानं ती ओळ पुन्हा वाचून आठवतंय का बघायच्या. दाराला कुलूप लावलं, की ‘कुलूप लावलं’ असंही लिहायच्या. ती वही त्यांनी मला दाखवली तेव्हा मला पुढचं पान उलटवेना.

बाईंनी मागणी लावून धरली म्हणून बँकेनं रेकॉर्डिंग ईमेलनं पाठवलं. ते पाठवण्यात काही धोका आहे असं तिथे कोणाला वाटलं नसावं. बाईंनी ते कामाच्या खोलीत, दुपारी, यंत्र बंद करून लावलं. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. आपण कुठे चुकलो ते शोधायला त्या ऐकत होत्या. यजमान दारात उभे होते. त्यांना रेकॉर्डिंग ऐकू येत नव्हतं, ते बायकोचा चेहरा बघत होते. बघता बघता त्यांना खोकल्याची ढास लागली.

बाईंनी मान वर केली. मग त्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं, आवाज पार वर चढवून.

पहिल्या “हो”च्या मागे यजमानांचा खोकला होता. तो नुसता सुरू होत होता आणि मध्येच कापलेला होता. दुसऱ्या “हो”च्या मागे तोच खोकला, तिथेच कापलेला. तिसऱ्याच्या मागेही तोच. माणूस तीनदा हो म्हणू शकतो. पण तोच अर्धा खोकला, त्याच जागी, तीनदा कोणी खोकत नाही. होकार एकच होता. तो तीन ठिकाणी चिकटवला होता.

बाईंनी मला फोन करून बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा यजमान खुर्चीत बसले होते आणि बाई त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून उभ्या होत्या. “तुमच्या खोकल्यानं वाचवलं हो मला,” त्या मोठ्यानं त्यांच्या कानाशी सांगत होत्या. “हो हो,” यजमान म्हणत होते, आणि मला वाटतं, या खेपेला त्यांना ऐकू आलं होतं.

“आता दुसरी गोष्ट ऐका, डॉक्टर.” बाईंनी माहिती वाचणाऱ्या बाईचा भाग लावला. “‘सुरक्षा’ म्हणताना ‘स’ला शीळ वाजते. ऐकलीत?”

मला नीट ऐकू आली नाही.

“वरचे पुढचे दोन दात. ते दात धरणारी पट्टी टाळूपासून अर्ध्या केसानं सुटलेली आहे.” त्या वळल्या, फळीवर हात फिरवला आणि एक साचा खाली काढला. “दोनदा बसवून बघायला आली होती. तिसऱ्यांदा ये म्हटलं, आली नाही.”

नंबरावरून माझ्याकडे तिची माहिती निघाली. तिशी ओलांडलेली, जिन्यावरून पडून दोन दात गेलेले, फोनवरून माल विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी. ही कंपनी बँकेसाठी काम करते हे आम्हाला नंतर कळलं. मी तिला फोन करून सांगितलं की पट्टी फुकट नीट करून देऊ, बाईंच्या घरी या. रुग्णाला असं बोलावणं माझ्या पेशाला शोभत नाही. तरी मी ते केलं.

ती दुपारी आली. बाईंनी तिला खिडकीशी बसवलं. “म्हणा, साठ, एकसष्ट, बासष्ट.” दात नीट बसलेत की नाही हे बघायला आम्ही नेहमीच हे आकडे म्हणायला लावतो. ती म्हणाली. या वेळी शीळ मलाही ऐकू आली.

“आता म्हणा, सुरक्षा कवच प्लस.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. दार उघडंच होतं, पण ती उठली नाही.

“माझा होकार कुठून आणलात?” बाईंनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

“आधी एक फोन झाला होता,” ती म्हणाली. “कार्ड आवडलं का, स्वतः वापरता का, जन्मतारीख काय, घरी कोण कोण आहे, असं विचारायचा. तुम्ही काम करता करता बोलत होतात. त्यातला एक हो पुरतो.”

बाईंना तो फोन आठवला. पंधरा-सोळा महिन्यांपूर्वीचा. एक मुलगी फार आपुलकीनं बोलत होती. घरात कोणाला मोठं आजारपण होतं का, असंही तिनं विचारलं होतं, आणि बाईंनी आईचं सगळं सांगितलं होतं. आईबद्दल इतकं कोणी विचारतच नाही, म्हणून सांगत गेल्या होत्या.

“सगळ्यांना असं लावता?”

“नाही. यादी असते. कोण भांडेल, कोण नाही, ते बघून.”

“माझ्या नावापुढे काय होतं?”

ती बोटांतली पिशवी चुरगळत राहिली. “आईला विसरण्याचा आजार. हिशेब एकटीच बघते.” मग अगदी हळू, “स्वतःवरच संशय घेईल.”

मला त्या फळ्यांवरच्या जबड्यांकडे बघवेना.

“हे शेवटचं कोणी लिहिलं?” बाईंनी विचारलं.

“मी.”

बाईंनी हात पुढे केला. ती मागे सरकली. तिला वाटलं असावं, आता गालावर बसते. पण बाईंचा तळवा उघडा होता. “पट्टी द्या,” त्या म्हणाल्या. तिनं तोंडातून काढून दिली. बाईंनी ती दिव्याशी धरून बघितली, कडेला कवळीचा थोडा मसाला भरला, घासली, पुन्हा बसवली. वीस मिनिटं लागली.

“म्हणा, साठ.”

“साठ.” शीळ गेली होती.

“आता त्या रेकॉर्डिंगवरून तुम्हाला कोणी ओळखणार नाही,” बाई म्हणाल्या. “मीसुद्धा नाही. या आता.”

ती गेल्यावर मी विचारलं, “बाई, साक्षीदार हातातून घालवलात?”

“तिचं नाव घातलं तर तिला काढतील आणि तिच्या खुर्चीत दुसरी बसवतील. माझ्याकडे खोकला आहे, तो पुरे.” मग त्या म्हणाल्या, “आणि खरं सांगू? मला ती परत डोळ्यांसमोर नको होती. दात नीट नसते तर परत आली असती.”

तक्रार आता बँकेच्या वर, सरकारी तक्रार अधिकाऱ्याकडे गेली. बाईंनी तिन्ही होकारांची वेळ सेकंदासह लिहून दिली, खोकल्याची जागा लिहून दिली, आणि मूळ अखंड रेकॉर्डिंग मागितलं. यजमानांनी खोकला आपलाच आहे असं स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही केली. त्रेचाळिसाव्या दिवशी बँकेचं पत्र आलं. आजवर कापलेलं सगळं शुल्क ‘सदिच्छा म्हणून’ परत करत आहोत. सेवा बंद केली आहे. मूळ रेकॉर्डिंग उपलब्ध नाही. मुलाला कोणी फोन केला याची नोंद आढळत नाही. पत्रात चूक, खेद, दिलगिरी, यांतला एकही शब्द नव्हता. यादीबद्दल तर अवाक्षर नव्हतं.

पैसे जमा झाले. बाईंनी कार्ड बंद केलं. मुलानं माफी मागितली, मनापासून मागितली. पण अजून रविवारी तो बोलता बोलता सहज विचारतो, “आई, मागच्या आठवड्यात मी काय सांगितलं होतं गं?” बाई उत्तर देतात. बरोबर असतं. तो आपली परीक्षा घेतोय हे त्यांना कळतं, आणि आपल्याला कळलंय हे त्या त्याला कळू देत नाहीत. मेंदूच्या डॉक्टरांकडेही त्या जाऊन आल्या. सगळं उत्तम निघालं. “आज उत्तम निघालं,” असं त्या मला म्हणाल्या.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या, पण ‘यादी असते’ हे शब्द त्यांना झोपू देईनात. कवळीच्या मापासाठी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी कार्डाची बिलं घेऊन यायला सांगायला सुरुवात केली. प्लास्टर घट्ट होईपर्यंत रिकामा वेळ असतोच. तेवढ्यात त्या चष्मा लावून ओळी तपासतात. वर्षभरात नऊ जणांच्या बिलांवर त्यांना तसली ओळ सापडली. कुठे सुरक्षा, कुठे आरोग्य सल्ला, कुठे प्रवास मदत. सहा जणांनी तक्रार केली. पाच जणांना पैसे मिळाले.

गेल्या महिन्यात मी कामाची पेटी द्यायला गेले तेव्हा खिडकीशी एक निवृत्त गणिताचे सर बसले होते. सून त्यांना घेऊन आली होती. बाईंच्या हातात त्यांची बिलं होती.

“सर, ही ओळ बघा. सव्वीस महिने चाललीय. ही सेवा तुम्ही मागितली होती?”

सरांनी कागद जवळ नेला, दूर नेला. “मागितली असेल.”

“आठवतंय?”

“आठवत नाही. पण त्यांच्याकडे माझा आवाज आहे. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा त्यांनी ऐकवला.”

बाई त्यांच्या समोर स्टूल ओढून बसल्या. आपली सगळी हकिगत त्यांनी सांगितली, खोकला, तीन होकार, यादी. सर शांतपणे ऐकत होते. वर्गात एखाद्या मुलानं चुकीचं उत्तर मोठ्या आत्मविश्वासानं द्यावं आणि आपण ते ऐकून घ्यावं, तसं.

“तुमचं तसं झालं असेल,” ते म्हणाले. “माझं वेगळं आहे. मी विसरतो.”

“सर, एकदा परत ऐकू या. मी सोबत बसते. दहा मिनिटांचं काम आहे.”

“नको.” त्यांनी बिल उलटं करून मांडीवर ठेवलं. “परत नको ऐकायला.”

दारातून सून म्हणाली, “राहू द्या ना, बाई. खरंच विसरतात हो ते आजकाल. त्यांचे व्यवहार आता आम्हीच बघतो.” ती वाईट नव्हती. बोलताना तिनं सासऱ्यांच्या पाठीवर हात ठेवला होता.

सरांनी बिलं घडी करून खिशात ठेवली आणि तोंड उघडलं, बाईंनी माप घ्यावं म्हणून.